नायकाच्या एकतीस खिडक्या

नमस्कार,

तक्रार एका पुस्तकाबद्दल आहे, त्यामुळे ती या सदरात बसते की नाही माहीत नाही. माझ्या धाकट्या भावाने एक फँटसी कादंबरी माझ्या गळ्यात मारली आहे. तीन जाडजूड खंड. मी दुसऱ्या खंडाच्या पान ४१२ पर्यंत आले आणि आता पुढे सरकवत नाही. नायक राजपुत्र आहे, वारा त्याच्या हुकमात आहे, जिवाला जीव देणारे मित्र आहेत. आणि हा पहिल्या पानापासून दुःखी! थोरला भाऊ लढाईत गेला तो आपल्यामुळे, असं त्याला वाटतं. बरं, मान्य. पण राज्याभिषेकाच्या दिवशी दुःखी, लढाई जिंकली तरी दुःखी, आवडती मुलगी ‘हो’ म्हणाली तेव्हा तर सगळ्यांत जास्त दुःखी. दर वेळी हा उठतो, खिडकीपाशी जातो आणि बाहेर बघत उसासा टाकतो. वैतागून मी समासात पेन्सिलीने खुणा करायला लागले. आतापर्यंत एकतीस खिडक्या झाल्या. मधलं एकच प्रकरण मनापासून आवडलं. त्यात रात्रभर एक घोडी अडलेली असते आणि हा बाह्या सरसावून तिला सोडवतो. भावाला हे सगळं सांगितलं तर तो दुखावला. म्हणाला, “तुला दुसऱ्याचं दुःख कधी कळलंच नाही.” ते मला फार लागलं. मी खरंच इतकी कोरडी आहे का? आणि पुस्तक पुरं करू की परत देऊ?

— पान ४१२ वर अडकलेली

*

पान ४१२ वरच्या बाई,

कोरडेपणाचा प्रश्न आधी निकालात काढू. कोरडा माणूस एकतीस खुणा करत बसत नाही. तो विसाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि दिवा घालवतो. तुम्ही ‘बरं, मान्य’ असं लिहिलंय, म्हणजे भाऊ गेल्याचं दुःख तुम्ही त्या राजपुत्राकडून रीतसर स्वीकारलंत. तुमचं बिनसलं ते त्यानंतर. तेच दुःख तो तुम्हाला पुन्हा पुन्हा नव्याने स्वीकारायला लावतोय.

ही कादंबरी मी वाचलेली नाही. तिचं नाव पत्रात आहे, पण इथे देत नाही. वाचली नसताना तिच्यावर निकाल देणं बरं नव्हे, आणि तुमच्या भावासारखे तिच्यावर जीव टाकणारे वाचकही असणारच. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगांवरून जे दिसतं तेवढंच बोलते.

तुमची तक्रार नवी नाही. साधारण हजार वर्षांपूर्वीची आहे आणि ती करणारे लोक साहित्यातले भलते रसिक होते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचा काव्यशास्त्रकार होऊन गेला. ‘ध्वन्यालोक’ या आपल्या ग्रंथात रस, म्हणजे वाचताना मनात भरून येणारा भाव, कशाने बिघडतो हे सांगताना त्याने एक कारण असं दिलंय की जो रस पुरता भरून आला आहे, त्यालाच पुन्हा पुन्हा पेटवत राहणं. अशा वारंवार हाताळलेल्या रसाला त्याने कोमेजलेल्या फुलाची उपमा दिली आहे. मला ही उपमा फार आवडते, कारण तिच्यात फुलाला दोष नाही. फूल चांगलंच होतं. बोटं जास्त लागली.

पुढे अकराव्या शतकात मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, रसदोषांची यादीच केली. त्यात हाच दोष ‘दीप्तिः पुनः पुनः’, म्हणजे पुन्हा पुन्हा पेटवणं, म्हणून येतो. आणि उदाहरण कुणाचं? थेट कालिदासाचं! ‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गातला रतीचा विलाप. शंकराने मदनाला जाळून टाकलंय आणि रती रडते आहे, थांबते, पुन्हा रडते आहे. मम्मटाच्या मते हे जरा अतीच झालं. तेव्हा भावाने पुन्हा तुम्हाला कोरडी म्हटलं, तर त्याला सांगा की कालिदासाच्या समासातसुद्धा कुणीतरी पेन्सिल चालवून गेलंय.

आता गंमत अशी की या उदाहरणापुरतं माझं मम्मटाशी पटत नाही. तो सर्ग नीट वाचला तर रती दुसऱ्यांदा भडभडून रडते ती मदनाचा मित्र वसंत समोर आल्यावर. आपलं माणूस दिसलं की दुःखाची दारं उघडल्यासारखी होतात, अशा अर्थाचं कालिदास तिथेच लिहून जातो. कुणाच्या घरी गमी झाली की हे आपण पाहतोच. दिवसभर सगळ्यांना चहापाणी विचारणारी, खंबीर राहिलेली बाई संध्याकाळी बहीण दारात आली की कोसळते. बाहेरून बघणाऱ्याला तीच बाई, तेच रडणं. पण आता समोर दुसरं माणूस आहे, आणि सकाळी जे बोलता आलं नव्हतं ते आता बाहेर पडतंय.

म्हणून दुःख किती वेळा आलं हे मोजून तुमचं काम भागणार नाही. एकतीस हा आकडा रागाचा म्हणून छान आहे, पुरावा म्हणून लंगडा. एक करा. त्या एकतीस खुणांपैकी कुठल्याही पाच उघडा आणि फक्त एवढं बघा, की खिडकीबाहेर त्याला काय दिसलं? खिडकीशी जायच्या आधी तो जे करणार होता, तेच तिथून परतल्यावर केलं, की दुसरं काही? कुणी मागून येऊन काही बोललं का? पाचही ठिकाणी तेच धुकं, तेच बुरूज, तोच उसासा, आणि तो परिच्छेद खोडून टाकला तरी पुढचं पान जसंच्या तसं चालत असेल, तर तुमचा वैताग शंभर टक्के खरा आहे. लेखक तुम्हाला नवं काही सांगत नाहीये, तुम्ही विसरला नाहीत ना एवढंच तपासतोय.

त्रयीमध्ये हे बऱ्याचदा होतं, आणि त्याचं कारण अगदी धंदेवाईक असतं. दोन खंडांच्या मधे वर्ष-दोन वर्षं जातात. मधल्या काळात वाचक निम्म्या गोष्टी विसरलेला असणार, म्हणून दुसऱ्या खंडात लेखक नायकाची जखम पुन्हा दाखवून घेतो. तुम्ही दोन्ही खंड सलग वाचलेत. त्यामुळे वर्षभराने वाचणाऱ्यासाठी केलेली आठवण तुम्हाला आठवड्याच्या आत पोचली. खिडक्यांची गर्दी दुसऱ्या खंडाच्या पहिल्या शंभर पानांत जास्त असेल, तर थोडा दोष तुमच्या वेगालाही द्या.

आता ती घोडी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच, आणि तुम्ही ते ‘मधलं एकच प्रकरण’ म्हणून उरकून टाकलंत! तुम्ही पत्रासोबत पाठवलेला त्या प्रकरणाचा उतारा मी दोनदा वाचला. शिंगराचा एक पाय मागे दुमडलेला, घोडी घामाने निथळलेली, कंदिलातलं तेल संपत आलेलं. राजपुत्र कोपरापर्यंत हात घालून तो पाय सरळ करतो आणि दोरीची सरकगाठ त्याला अडकवतो. मग एकच ओळ येते, ही गाठ त्याला भावाने शिकवली होती. लगेच घोडी कळ देते, आणि आपण पुन्हा त्या कामात गुंततो. त्या आख्ख्या उताऱ्यात ‘दुःख’ हा शब्द नाही. उसासा नाही, खिडकीही नाही (तबेल्याला असली तरी तिकडे बघायला कुणाला सवड आहे?). आणि तरी भाऊ गेल्याची कळ तुम्हाला तिथेच लागली. लागली नसती तर तेवढी पानं झेरॉक्स काढून मला पाठवली नसतीत.

मम्मटाच्या त्याच यादीत पहिला दोष कोणता, माहीत आहे? भावनेचं नाव घेऊन भावना सांगणं. ‘तो शोकाकुल झाला’ असं लिहिलं की लेखकाचं काम झालं, वाचकाचं सुरूच होत नाही. तुमच्या कादंबरीकाराला हे जमत नाही असंही नाही. तबेल्यात त्याला ते झकास जमलंय. राजवाड्यात आला की त्याचा धीर सुटतो, वाचकाला कळलं नाही तर काय, या भीतीने तो सगळं बोलून दाखवतो. खिडकीपाशी उभं राहून सगळं दुःख राजपुत्रच भोगून संपवतो, मग तुमच्या वाट्याला उरतं काय? चीड!

इथवर तुमची बाजू घेतली. एका जागी तुमच्याशी भांडायचं आहे. ‘राजपुत्र आहे, वारा हुकमात आहे, आणि तरी दुःखी’ हा तुमचा युक्तिवाद मला पटला नाही. हातात सगळं असताना रडतोस कशाला, हे वाक्य खऱ्या आयुष्यातही कुणाला कधी उपयोगी पडलेलं नाही. आणि फँटसीत तर जादू ही बहुतेकदा सुखाची सोय म्हणून येतच नाही, ती किंमत वसूल करायला येते. मायकेल मूरकॉकचा एल्रिक घ्या. १९६१ पासून त्याच्या कथा येत आहेत. हा सम्राट जन्मापासून अशक्त. त्याला ताकद मिळते ती एका काळ्या तलवारीतून, आणि ती तलवार माणसांचे आत्मे पिते. शत्रूंचे पिते तसेच त्याच्या जिवलगांचेही. पहिल्याच कथेत जिला वाचवायला गेला, तीच त्याच्या हातातल्या त्या तलवारीला बळी पडते. तलवार टाकली तर हा मरणार, धरली तर दुसरे. असा माणूस उदास राहणार नाही तर काय नाचणार? शिवाय सुरुवातीच्या त्या कथा छोट्या आहेत. एवढं काळं औषध चमच्याने घेता येतं, बादलीने नाही.

दुसरं टोक म्हणजे स्टीफन डॉनल्डसन यांचा थॉमस कव्हेनंट, १९७७ सालचा. फँटसी वाचणाऱ्यांमध्ये ‘नकोसा नायक’ म्हटलं की पहिलं नाव याचंच निघतं. हा कुष्ठरोगी लेखक आहे. दोन बोटं गेलेली, बायको मुलाला घेऊन निघून गेलेली. हातापायांना संवेदना नाही, म्हणून कुठे कापलं-खरचटलं तर नाही ना, हे तो सतत डोळ्यांनी तपासत असतो. त्या तपासण्यावरच त्याचा जीव टिकून आहे. मग तो एका अद्भुत प्रदेशात जाऊन पडतो. तिथे त्याच्या मेलेल्या नसा जाग्या होतात, आणि तो त्या प्रदेशावर विश्वासच ठेवायला तयार होत नाही. कारण ‘मी बरा झालो’ असं एकदा मानलं की तपासणं सुटणार, आणि तपासणं सुटलं की संपलं. डॉनल्डसन यांचं बालपण भारतात गेलं, त्यांचे डॉक्टर वडील कुष्ठरोग्यांवर उपचार करत. ती जवळून पाहिलेली गोष्ट पानापानांत जाणवते. याच कव्हेनंटने सुरुवातीलाच एका मुलीवर केलेला अत्याचार वाचून अनेकांनी पुस्तक तिथेच मिटलं आहे, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण त्याचा कडवटपणा कुठून येतो आणि कुठे जातो, हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतं. आवडणं न आवडणं हा नंतरचा भाग.

आणि आपण मराठी वाचक काही दुःखी नायकाला कंटाळणाऱ्यांतले नाही हो! शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण १९६७ पासून आपल्याला रडवतोय आणि आपण हौसेने रडतोय. अपमान तर त्याच्या वाट्याला इतके, की मोजायला बसलात तर एकतीसवर भागणार नाही. पण सावंतांनी एक शहाणपण केलं, ती सगळी कथा कर्णाच्या एकट्याच्या तोंडी दिली नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण, शेवटी कृष्ण. कर्ण स्वतःबद्दल बोलून थकायच्या आत (खरं तर आपण ऐकून थकायच्या आत) दुसरं कुणीतरी त्याच्याकडे बघू लागतं. तेच दुःख आईच्या जागेवरून पाहिलं की निराळंच दिसतं.

तुमच्या राजपुत्राजवळ असं कुणी नाही, हे मला जाणवलं. ‘जिवाला जीव देणारे मित्र’ तुम्ही लिहिलेत, पण ते करतात काय? तुमच्या पत्रावरून तरी खांद्यावर हात ठेवतात आणि गप्प उभे राहतात. त्यातल्या एकाने जरी म्हटलं असतं, “बास झालं आता, खाली सैन्य उपाशी उभं आहे,” तर तुमचा निम्मा राग तिथेच उतरला असता. वाचकाच्या मनातली चीड कादंबरीतल्या कुणीतरी बोलून दाखवावी लागते. नाहीतर ती चीड घेऊन वाचक एकटाच बसतो आणि समासात खुणा करतो.

टॉल्किन यांना हे पक्कं ठाऊक असावं. १९५४-५५ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये फ्रोडो पुढे पुढे इतका खचत जातो की तो एकटा असता तर ती वाट आपण चालूच शकलो नसतो. पण शेजारी त्याचा सोबती सॅम आहे. मृत्यूच्या तोंडाशी निघालेली ही माणसं, आणि सॅमला पडलंय सशाच्या रश्श्यात बटाटे नाहीत याचं. फ्रोडो झोपलेला असतो, सॅम त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, चूल पेटवतो. त्या चुलीच्या धुरावरून फॅरामिर या सरदाराची माणसं त्यांच्यापर्यंत पोचतात आणि कथा वळण घेते. स्वयंपाकही झाला, माया दिसली, गोष्टही पुढे गेली. फ्रोडोचं दुःख मात्र पुस्तक संपेपर्यंत बरं होत नाही. ६ ऑक्टोबरला त्याला वार झाला होता, पुढे घरी परतल्यावर त्या तारखेला तो पुन्हा आजारी पडतो. वर्षातून एखाद-दुसरा दिवस. उरलेल्या दिवसांत त्या जखमेबद्दल बोललं जात नाही, म्हणून ती तारीख आली की आपल्या पोटात गोळा येतो.

आता भावाच्या वाक्याकडे येते, कारण पुस्तकापेक्षा तेच तुम्हाला जास्त सलतंय. खरं दुःख असलेला माणूस पुन्हा पुन्हा तेच बोलतो, हे खरं आहे. महिनोन्‌महिने बोलतो, आणि आपण ऐकतो, ऐकायला हवं. त्याला कुणी संपादक नसतो. राजपुत्राला होता! पात्राच्या सोळाव्या उसाशाला तुम्ही जांभई दिलीत म्हणून माणसाच्या सोळाव्या फोनलाही द्याल, असं अजिबात होत नाही. माझ्या ओळखीत कादंबऱ्यांवर ढसाढसा रडणारे आणि घरातल्या आजारी माणसाकडे न फिरकणारे लोक आहेत. उलटेही आहेत.

हे वाचून भावाला नेमकं काय झालंय या काळजीत मात्र पडू नका. उदास नायक आवडणारा वाचक स्वतः उदास असतो, हा समज खोटा आहे. पुष्कळ जणांना तो आवडतो कारण तो त्यांच्याच्याने होत नाही ते करतो, म्हणजे सगळी कामं टाकून खिडकीशी उभा राहतो. काहींना पंधराव्या वर्षी वाचलं म्हणून आवडतो. तुमच्या भावाचं काय आहे, हे मला कसं कळणार? तुम्ही विचारलंत का? तुम्ही त्याला निकाल सांगितलात, आणि त्याने तुम्हाला प्रतिनिकाल सुनावला. कुणी मन लावून दिलेल्या पुस्तकाबद्दल ‘रडका आहे तुझा नायक’ म्हटलं, की ते देणाऱ्यालाच लागतं. तो चिडून जे बोलला ते तुमच्या आख्ख्या स्वभावावरचं मत समजू नका, हात सणसणल्यावर माणूस ओरडतो तसं ते आहे.

पुस्तकाचं म्हणाल तर तिसरा खंड लगेच उघडू नका. दुसरा पुरा करायचा असेल तर खिडक्या ओलांडून वाचा. नायक उठला, पडदा सारला, की सरळ पुढच्या संवादावर उडी मारायची. दोन पानं गाळली म्हणून कुणी दंड करत नाही. मी तर एका गाजलेल्या मालिकेतली सगळी स्वप्नं गाळून वाचली आणि शेवट मला व्यवस्थित कळला. उरलेल्या पानांत तबेल्यासारखं आणखी एक जरी प्रकरण सापडलं तर महिनाभर थांबून तिसरा घ्या. नाही सापडलं तर परत द्या, आणि देताना ‘जमलं नाही’ एवढंच म्हणा. कारणांची यादी देऊ नका.

पण परत देण्याआधी एक. त्या खुणा खोडू नका. भावाला घोडीचं प्रकरण काढून दाखवा, हे मला फार आवडलं म्हणून सांगा. मग पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि म्हणा, एकतीसपैकी तुझ्या मते कुठली खिडकी ठेवायलाच हवी तिथे गोल कर. त्याने एक जरी गोल केला, तर ते पान त्याच्यासमोर बसून पुन्हा वाचा. आणि ते कुठलं निघालं, हे मला नक्की लिहा.